एक्केचाळिसावं झाड

१

लाकडाच्या डेपोत मी एकतीस वर्षं ठोकायचं काम केलं. असं काम असतं हे आता पोरांना सांगावं लागतं.

जंगलातून सागाचा लठ्ठा यायचा. तो आतून भरीव आहे की पोला, हे वरून बघून कळत नाही. म्हणून दोन माणसं लागायची. एका टोकाला मी, हातात लाकडी मोगरी. दुसऱ्या टोकाला लटारू, लठ्ठ्याला कान लावून उकिडवा बसलेला. मी तीन ठोके द्यायचे आणि थांबायचं. आवाज आरपार स्वच्छ आला, तर लटारू उजवा हात वर करायचा. बाबू वहीत भरीव लिहायचा. डेपोत ट्रकांचा आणि मजुरांचा एवढा गलबला, की बोललेलं कोणाला ऐकू जायचं नाही. म्हणून हात.

हात वर आला नाही, तर पुन्हा तीन ठोके. पुन्हा थांबायचं. तरी नाही आला, तर ठोकणाऱ्यानंच मोठ्यानं ओरडायचं, "पोला!" ऐकणाऱ्यानं नाही. ऐकणाऱ्याचा फक्त हात. आणि ओरडल्याशिवाय ठोकणं सोडायचं नाही, असा कायदाच होता आमचा. नाहीतर तो तिकडं कान लावून बसलेलाच राहायचा बिचारा.

माझा उजवा खांदा लहानपणी बैलगाडीवरून पडून दुखावलेला. त्यामुळं माझा तिसरा ठोका नेहमी हलका पडतो. टक, टक, आणि मग जरा दबकत, टक्. लटारू हसायचा. म्हणायचा, "मुखरू, हजार मानसाईनं ठोकलं तरी तुहा ठोका मी झोपेत वळखीन."

लटारूला जाऊन सत्तावीस वर्षं झाली.

२

मी शाळेत गेलो नाही. अक्षरं मला खुशाल नावाच्या गुरुजींनी शिकवली, तीही पन्नाशीत, आमच्या गावच्या शाळेच्या ओसरीवर. गुरुजींना यंत्रांचा नाद. गडचांदूरच्या कॉलनीतला एक इंजिनिअर बदलून चालला होता, त्याच्याकडून त्यांनी एक कॉम्प्युटर घेतला. आताच्यासारखा नव्हता तो. बटणांच्या पाटीच्या पोटातच सगळं यंत्र, आणि ते टीव्हीला जोडायचं. बाजूला दोन विटांएवढा एक डबा. लिहिलेलं सगळं त्या डब्यात राहतं, म्हणायचे.

चौऱ्याण्णव साली, होळीनंतर, गुरुजी म्हणाले की आपल्या गावाच्या जंगलाची शीव कागदावर पाहिजे. शीव म्हणजे झाडं. आमच्याकडं दगड रोवत नाहीत. एका झाडाला पाठ टेकवून उभं राहायचं, समोर दिसतं ते पुढचं झाड. त्याला पाठ टेकवली की त्याच्या पुढचं. अशी त्र्याहत्तर झाडं, आणि त्र्याहत्तराव्याला पाठ टेकवली की पहिलं दिसतं. गुरुजींनी मला आणि लटारूला सोबत घेतलं. प्रत्येक झाड ठोकून बघायचं. पोलं झाड शिवेला धरायचं नाही, कारण ते पडलं की साखळी तुटली.

ती यादी गुरुजींनी डब्यात भरली. आधी जिच्यात लिहिली त्या वहीची उधईनं, वाळवीनं, माती केली. गुरुजी चार वर्षांपूर्वी गेले. आता जंगलावरच्या गावाच्या दाव्याची सरकारी चौकशी लागली होती. सोमवारी साहेब येणार होते. यादी असली तर नाल्यापलीकडची मोहाची राई, तेंदू, बांबू सगळं गावाचं. नसली तर शीव सडकेवरूनच धरणार. म्हणजे एकतीस घरांनी जंगलाकडं पाहत बसायचं.

गुरुजींच्या मुलीचं, रिनाचं, आलापल्लीला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. शुक्रवारी सकाळी मी तिच्याकडं गेलो. सोबत ठमाबाई आली. ठमाबाई म्हणजे लटारूची बायको. गावानं आम्हा दोघांनाच पाठवलं, कारण ती झाडं पाहिलेलं आता दुसरं कोणी राहिलं नाही.

३

दुकान सडकेला लागून. सूरजागडचे लोखंडी दगडाचे ट्रक तिथून जातात तेव्हा काचेचं कपाट थरथरतं. म्हणून रिनानं तो डबा चौघडी केलेल्या वाकळेवर ठेवला होता.

"आबाजी, आधी सांगून ठेवतो," ती म्हणाली. "अशा डिस्कचं आयुष्य धा वर्साचं. हे तीस वर्सं पडून हाये. आतली तबकडी चिकटून बसली असन. एकदा फिराले लागली का बंद नाई कराची. बंद झाली तं पुन्हा उठन का नाई, मी नाई सांगू शकत."

ठमाबाईनं डब्याकडं बघून नाक मुरडलं. "इतकं नाजूक हाये तं मास्तरनं भिताडावर लिव्हाचं होतं. भिताड तं अजून उभं हाये."

रिना हसली. मग तिनं मला समजावलं. डब्यात सुरुवातीला एक यादी असते, काय कुठं ठेवलंय त्याची. ती यादीच सडली होती. पण या जुन्या यंत्राची एक रीत होती. लिहिलेल्या मजकुराचे तुकडे करून ते ठेवायचं, आणि प्रत्येक तुकड्यात पुढच्या तुकड्याचा पत्ता असायचा. पहिला सापडला की त्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा.

"पाठ टेकवून," मी म्हणालो.

"हो," ती म्हणाली. "बाबानं एकेका झाडाचा एकेक तुकडा केला. मधला एक तुकडा गेला, तं पुढचे असूनबी सापडाचे नाई. सगळा डबा पालथा घालाले बसलो तं चार-पाच घंटे लागन. तेवढा जीव नाई त्याच्यात."

तिनं बटण दाबलं. आत कण्हल्यासारखं काहीतरी झालं आणि थांबलं. मग तिनं डबा दोन्ही हातांत धरला आणि मनगटानं एक हलका हिसका दिला, जातं पहिल्यांदा ओढतो तसा. आतून बारीक शीळ सुरू झाली. वाढत वाढत एका सुरावर येऊन थांबली.

"उठली बाप्पा," रिना म्हणाली.

आणि मग डब्यातून ठोके आले. टक, टक, टक्.

४

 यंत्र आहे, आवाज करणारच. रिनानं सांगितलं होतं की आत एक काटा असतो, तो तबकडीवर इकडून तिकडं सरकतो, त्याचा आवाज येतो.

टीव्हीवर अक्षरं आली. गुरुजींनी मराठीच लिहिलं होतं, पण इंग्रजी अक्षरांत. ते मला वाचता येत नाही. रिना वाचू लागली. "एक. साज. नाल्याच्या मुखाशी. भरीव."

टक, टक, टक्.

"धावडा," मी म्हणालो.

"दोन. धावडा," रिनानं वाचलं. "वा आबाजी! ध्यानात हाये अजून?"

टक, टक, टक्.

"तेंदू. त्याले खालून गाठ हाये."

"तीन. तेंदू. बुंध्याले गाठ."

ध्यानात नव्हतं मला. खरं सांगतो. तीस वर्षांपूर्वीची त्र्याहत्तर झाडं ओळीनं कोणाच्या ध्यानात राहतील? मी ठोके ऐकून सांगत होतो. धावड्याचा ठोका वेगळा, तेंदूचा वेगळा. धावडा लोखंडासारखा वाजतो. तेंदूचा आवाज कोरडा. बिवळा वाजला तर पाठीमागं जरा गुंजतो. एकतीस वर्षं हेच केलं, तर कान चुकत नाही.

दहाव्या झाडापर्यंत रिना हसत होती. विसाव्याला तिनं हसणं थांबवलं.

"आबाजी, यात आवाज भरून ठेवला नाई," ती हळूच म्हणाली. "निस्ती अक्षरं हायेत."

"असन," मी म्हणालो. "तू वाच."

मी स्वतःला समजावत होतो. रिना वाचायच्या आत तिचे ओठ हलत असतील, ते मी बघत असेन. ट्रकांची थरथर असेल. म्हाताऱ्या कानात काय काय वाजतं. पण सडकेवर तेव्हा एकही ट्रक नव्हता, आणि मी डोळे मिटून बसलो होतो. तरीही तिसावं झाड बेहडा आहे हे मला कळलं. वाकळेवरच्या त्या दोन विटांएवढ्या डब्यात आमचं अख्खं जंगल उभं होतं, एकामागं एक, पाठीला पाठ लावून. माझ्या अंगावर काटा आला. पण सुरुवातीला तो भीतीचा नव्हता.

चाळिसावं झाड झालं. मग यंत्र अडलं.

५

टक, टक, टक्. थांबलं.

टक, टक, टक्. थांबलं.

टीव्हीवर काही येईना. रिनानं ओठ चावला. "एक्केचाळीस. खराब जागा हाये. काटा तिथंच अडकला. वाचाले पाह्यते, जमत नाई, पुन्हा पाह्यते. असं करते जुनी डिस्क."

"किती येळ करन?" ठमाबाईनं विचारलं.

"वाचून होईस्तोवर. नाई तं मरेस्तोवर."

मला त्या ठोक्यांत आता दुसरंच ऐकू येत होतं. तिसरा ठोका हलका पडत होता. दबकत. खांदा दुखणाऱ्या माणसाचा. आधीच्या चाळीस झाडांतही तो तसाच पडला असणार, माझ्या लक्षात आलं नव्हतं. आपला आवाज आपल्याला कुठं ओळखू येतो.

एक्केचाळिसावं झाड मोहाचं होतं. नाल्याच्या वळणावर, मोठं, दोघांच्या कवेत न मावणारं. संध्याकाळ होत आली होती. सकाळपासून आम्ही आंबिलीवर होतो. मी ठोकलं. पलीकडून लटारूचा हात वर आला नाही. मी पुन्हा ठोकलं. हात आला नाही. तो बुंध्याला कान लावून डोळे मिटून बसला होता आणि मी ओरडायची वाट पाहत होता. मी पोला म्हटलं असतं, तर दुसरं झाड धरावं लागलं असतं. दुसरं झाड खूप आत होतं, नाल्याच्या अलीकडं. मोहाची राई शिवेबाहेर गेली असती. मी गुरुजींना म्हणालो, "लिव्हा, भरीव." आणि मोगरी खांद्यावर टाकून पुढं निघालो.

लटारू लगेच उठला नाही. 

तीन वर्षांनी चैतात, सकाळी मोह वेचताना, वाऱ्याचं वावधान सुटलं आणि ते झाड त्याच्यावर पडलं. आतून पार पोकळ होतं. एक माणूस उभा राहील एवढं. गावानं म्हटलं, नशीब. मीही मान हलवली. ठमाबाईच्या दारात बसून मान हलवली.

आता ती समोर स्टुलावर बसून बशीतून चहा पीत होती.

टक, टक, टक्.

६

दुपारी बाराच्या सुमारास वीज गेली. पंखा बंद झाला, टीव्ही काळा झाला. वीज गेल्यावर यंत्राला जगवणारी खालची पेटी दोन मिनिटं चिरकली आणि तीही बसली. रिना डब्याकडं धावली, पण काय करणार होती? आतली शीळ उतरत उतरत गेली, भोवरा पडतो तशी. मग ऐकूच येईना.

रिना खाली बसली. "गेली," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्या बापाच्या हातचं तेवढंच राहिलं होतं.

टक, टक, टक्.

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी डब्याकडं. बाहेर ऊन रखरखत होतं, समोरच्या पानठेल्यावर माणसं हसत होती, आणि डब्यावरचा दिवा विझलेला होता. रिनानं हात लांबवून वायर भिंतीतून उपटली. मग डब्याच्या मागची उपटली. डबा वाकळेवर एकटा राहिला, कशालाही न जोडलेला.

टक, टक, टक्.

"उंदीर हाये का बाई?" ठमाबाईनं विचारलं. 

मी माझी काठी घेतली. डेपोत लांबच्या लठ्ठ्याला करायचो तसं काठीचं एक टोक डब्याला लावलं, दुसरं कानाला. लठ्ठा किती लांब आहे हे मला आवाजावरून कळतं. वीस फुटी, तीस फुटी. ठोका कितीही झपकन आला तरी त्याला वाट चालून यावं लागतं, ती वाट ऐकू येते.

या ठोक्याला फार मोठी वाट होती. एवढा लांब लठ्ठा मी कधी ऐकला नाही. एवढं उंच झाड नसतंच. तो आवाज येत होता, येत होता, आणि दोन्ही बाजूंनी पोकळी होती, देवळाच्या गाभाऱ्यापेक्षा मोठी, आणि मी त्याच्या एका टोकाला मुंगीएवढा बसलो होतो. आणि ठोके थांबायचे तेव्हा, त्या पोकळीत, दुसऱ्या टोकाला कोणीतरी श्वास रोखून धरलेला असायचा. कान लावणारा माणूस धरतो तसा. तीस वर्षं. हात वर न करता. मी ओरडायची वाट बघत.

मी काठी खाली ठेवली. 

"ठमाबाई," मी म्हणालो, "मी मोठा गुन्हा केला व. ते झाड पोलं होतं. लटारूनं हात वर नाई केला. मी खोटं सांगतलं मास्तरले."

तिनं बशी खाली ठेवली. 

मग मी डब्याकडं तोंड केलं आणि डेपोत ओरडायचो तसं ओरडलो. "पोला!"

पानठेल्यावरची माणसं वळून बघू लागली. ठोके थांबले. दुकानात एवढी शांतता झाली, की वाकळेची घडी सैलावल्याचाही आवाज आला असता.

ठमाबाई बोलली. "मले माहीत हाये, मुखरूभाऊ. त्यानं त्याच सांजले सांगतलं."

"मंग?" मी विचारलं. "मंग तो त्या झाडाखाली काऊन जाये?"

"मीबी तेच म्हनो. पोलं हाये मालूम हाये, तं दुसऱ्या झाडाचा मोह वेचा ना. तं म्हने, मुखरूचं ठोकनं अजून सरलं नाई. आतून आयकू येते म्हने. कोनी तं कान लावाले पायजे." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मले वाटे, बुढा याडा झाला."

७

वीज अर्ध्या तासानं आली. रिनानं वायरी पुन्हा लावल्या. हिसका द्यायला तिनं हात पुढं केले, पण डब्याला हात लागायच्या आत शीळ सुरू झाली. स्वच्छ, एका सुरात. टीव्हीवर अक्षरं आली.

"एक्केचाळीस," रिना वाचू लागली आणि थबकली. "मोहा. नाल्याच्या वळणावर. पोला."

गुरुजींनी भरीव लिहिलं होतं. माझ्यासमोर लिहिलं होतं, आणि शाळेच्या ओसरीवर साऱ्या गावाला वाचून दाखवलं होतं. मी रिनाला तारीख बघायला सांगितली. तिनं दोनदा बघितली. चौऱ्याण्णव सालचीच होती.

पुढची बत्तीस झाडं दहा मिनिटांत आली. ठोके मात्र आले नाहीत. नुसती बारीक कुरकुर, जशी कोणत्याही यंत्राची असते. त्र्याहत्तरावं उतरून झालं आणि डबा आपोआप बंद पडला. रिनानं नंतर किती हिसके दिले, तो उठला नाही.

८

सोमवारी साहेब आले. तरुण होते, कागद नीट वाचणारे. शीव चालत बघायची म्हणाले. गावातले वीसेक लोक निघाले. ठमाबाईही आली. पुष्कळ झाडं उभी होती, काहींचे खुंट होते. चाळिसाव्यापर्यंत नीट जुळलं.

नाल्याच्या वळणावर साहेब थांबले. "एक्केचाळीस कुठंय? यादीत पोला लिहिलंय, म्हणजे पडलं असणार. पण खुंट तरी पाहिजे. इथून बेचाळीस दिसलं नाही तर पुढची शीव मला धरता येणार नाही."

खुंटही उरला नव्हता. उथळ खड्डा होता, त्यात घाणेरी उगवलेली. साहेबांनी खड्ड्यात उभं राहून पाहिलं. त्यांना चारी बाजूंनी सारखंच जंगल दिसलं. बेचाळीसही गेलं असेल, असं ते म्हणू लागले.

"थांबा साहेब," मी म्हणालो. "पाठ टेकवून पाहा लागते."

"कशाला टेकवणार, बाबा?"

ते मलाही माहीत नव्हतं. मी खड्ड्याच्या मधोमध गेलो, लटारू जिथं बसला होता तिकडं पाठ केली, आणि सवयीनं जरा मागं रेललो.

पाठ टेकली.

सदऱ्यातून खरबरीत साल लागली. मोहाची साल, उन्हानं तापलेली. मी खाली पाहिलं नाही, वळूनही पाहिलं नाही. ठमाबाई माझ्या समोर उभी होती आणि माझ्या डोक्याच्या वर, खूप वर, बघत होती. तिचं तोंड उघडं राहिलं होतं.

मग माझ्या पाठीमागून, पलीकडच्या अंगानं, तीन ठोके आले. माझे नव्हते. तिन्ही सारखे, जोरकस, निरोगी खांद्याचे. आणि ते माझ्या पाठीच्या कण्यातून आरपार आले, कुठंही न अडता, घंटेसारखे स्वच्छ.

ठोकणारा थांबला. वाट बघू लागला.

मी उजवा हात वर केला.

साहेबांना वाटलं, मी पुढचं झाड दाखवतोय. त्यांनी माझ्या हाताच्या रोखानं पाहिलं. "हां, दिसलं," ते म्हणाले. "बेचाळीस. बिवळा ना?" आणि त्यांनी कागदावर खूण केली.